बहिऱ्या तात्यांनी ऐकलेलं बेरिंग

गेल्या नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावी माझ्या सासऱ्यांनी एका पिकअपचा आवाज ऐकला. ते नऊ वर्षांपासून ठार बहिरे आहेत.

बारामतीत मी बावीस वर्षं बातमीदारी केली. चमत्काराच्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या आणि टोपलीत जायच्या. म्हणून इथे फक्त तेवढंच लिहितो, जे स्वतः पाहिलं आणि त्याच दिवशी वहीत टिपलं.

सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. वालचंदनगरला कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं गिअर तपासले – जोडलेला गिअर फिरवायचा, कान लावायचा, पास की नापास ते सांगायचं. निवृत्तीनंतर मेंदूज्वर झाला. ताप उतरला, ऐकणं परत आलं नाही. कानाच्या मशीनचाही उपयोग झाला नाही. ते बोलतात नीट, पण त्यांना काही सांगायचं तर पाटीवर लिहावं लागतं. लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा... हळूहळू घरात त्यांना कुणी काही विचारेनासं झालं.

माझा मेहुणा सतीश याची जुनी पिकअप महिनाभर मागून घुमत होती. जरा वेग घेतला की घूंऽऽ सुरू. बबन मिस्त्रींनी निदान केलं होतं – डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा, गेला. आख्खा बदलायचा, दोन दिवस गाडी उभी. त्या सकाळी ते त्यासाठीच आले होते. अंगणात साठ क्रेट पेरू तोडून ठेवलेला होता. पिकत आलेला, दोन दिवसांनी तो बाजारात कुणी घेतला नसता.

खोलण्याआधी सतीश मिस्त्रींना घेऊन एक चक्कर मारून आला. तात्या रस्त्याकडे पाठ करून हौदावर तोंड धूत होते. गाडी उजवीकडे वळून अंगणात शिरली, तसे ते ओल्या तोंडानंच ताठ झाले.

"डिफरन्सल न्हाय ते," ते म्हणाले. "डाव्या चाकाचं बेरिंग हाय. भायेरच्या कड्याचा टवका उडालाय."

गाडीला आवाज आहे हे त्यांना कुणी सांगितलं, असं मी प्रत्येकाला विचारलं. कुणीच नाही. पाटी आदल्या दिवसापासून कोरी होती.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "नऊ वर्सं मी कोकलती ते ऐकू येत न्हाय, अन् ह्या खटाऱ्याचं बरं ऐकू येतंय!"

"जमिनीतनं हादरा लागला आसंल," मिस्त्री म्हणाले. शंका रास्त होती. मी तात्यांना भिंतीकडे तोंड करून बाजेवर बसवलं, पाय वर घ्यायला लावले. पाटीवर लिहिलं – आवाज आला की हात वर करा. सतीशला गाडी रस्त्यावरून तीनदा न्यायला सांगितलं. केव्हा, ते त्यानं ठरवायचं.

तिन्ही वेळा हात वर झाला. दोन वेळा माझ्या कानाला आवाज पोचायच्या आधी. मधल्या वेळात उसाचा एक भरलेला ट्रॅक्टर, दुसरी एक पिकअप आणि हॉर्न वाजवत एसटी गेली. हात मांडीवरच होता.

"मिस्त्री, आता?" मी विचारलं.

"आता काय, दाजी! चाक काढतो. पण टवका न्हाय निघाला तर च्या तात्यांनी पाजायचा."

तात्यांना मी पाटीवर कारण विचारलं. त्यांना कुणी कारण विचारून किती दिवस झाले होते, कोण जाणे. त्यांनी सावकाश, कारखान्यातल्या नव्या माणसाला समजवावं तसं सांगितलं. "डिफरन्सल आसतं तर रेस दिल्यावर येक आवाज अन् सोडल्यावर दुसरा. ह्यो येकसारखा हाय. गाडी उजवीकडं वळली की भार डाव्या चाकावर येतो. तवा वाढला."

चाक निघालं, ड्रम निघाला, अॅक्सल ओढून बेरिंग बाहेर आलं. मिस्त्रींनी ते डिझेलमध्ये धुतलं आणि बाहेरच्या कड्यावरून बोट फिरवलं. बोट एका जागी अडलं. ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा होता.

मग मिस्त्रींनी ग्रीसच्या हातानं पाटी ओढली आणि स्वतः लिहिलं – तात्या बरोबर. तात्यांनी ते मोठ्यानं वाचलं. दोनदा.

"अन् च्या?" सासूबाई म्हणाल्या.

"माझ्याकडनं, मावशी. सगळ्या आळीला!"

पुढच्या आठवड्यात बारामतीला कानाची तपासणी झाली, ते इथेच नोंदवतो. जुना आलेख आणि नवा आलेख शेजारी ठेवून डॉक्टरांनी मला दाखवले. फरक नाही. ऐकू येणं शक्य नाही, असं ते म्हणाले.

त्या मंगळवारी सतीशनं वालचंदनगरहून नवीन बेरिंग आणलं. एक वाजता चाक चढलं. तात्या न सांगता बाजेवर गेले, पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. सतीशनं गाडी चौथ्यांदा रस्त्यावरून नेली. मला इंजिन ऐकू आलं. घूं नव्हतं.

तात्यांचा हात मांडीवरच राहिला. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली.

"गेली का गाडी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग पास," तात्या म्हणाले. "पेरू भरा."

तीन वाजून दहा मिनिटांनी साठ क्रेट इंदापूरच्या बाजारात उतरले. तात्या पुढच्या सीटवर बसून गेले होते.