बोटावरचा तंगूस

उत्तनजवळच्या पाली गावचा कोळी तळ्यात गरी टाकून बसतो, हे पालीत अजून कुणाला पचलेलं नाही. दाराशी समुद्र, घरची बोट, आणि हा माझा मित्र दर रविवारी माझ्यासारख्या मीरा रोडच्या माणसाबरोबर गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याच्या मागे. त्याची आई तळ्यातला मासा उंबऱ्याच्या आत घेत नाही, चिखलाचा वास येतो म्हणते. त्यामुळे आम्हाला जे काही लागतं ते सिल्व्हर पार्कला, माझ्या बिल्डिंगमधल्या एका बंगाली कुटुंबाकडे जातं. तिथून वाटीभर मोहरीचं कालवण माझ्याकडे परत येतं. हा व्यवहार मला एकदम पसंत आहे.

मी हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला असतो. तिथेच आमची गाठ पडली. तो तंगूस घ्यायला आला होता, म्हणजे गळाला लावायची नायलॉनची दोरी. प्रत्येक रीळ उलगडून तो दोरी चिमटीत धरायचा, बोटांनी चोळायचा आणि बाजूला ठेवायचा. मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली. माझं डोकं तसंही लवकर तापतं. म्हटलं, "भाऊ, बघून घ्या की. चोळत काय बसलाय?" तो शांतपणे म्हणाला, "डोळ्यानं काय कळतंय यात?" मग वाद झाला, वादातून चहा झाला, आणि चहात कळलं की लहानपणी रत्नागिरीला वहाळावर मी पण गरवायला जायचो. पुढच्या रविवारी आम्ही दोघे तळ्याच्या बांधावर होतो.

मला गाडी चालवता येत नाही. म्हणून रविवारी सकाळी मी बसने उत्तनला उतरायचो, चालत पालीला त्याच्या घरी जायचो आणि तिथून त्याच्या स्कूटरवर मागे बसायचो. त्याच्या घरी जाण्याचं दुसरं कारण म्हणजे जवळा, ती बारीक कोळंबी. आमचं आमिष म्हणजे कणीक, शेंगदाण्याची पेंड, किंचित गूळ आणि वाळलेल्या जवळ्याचा भुगा. तो जवळा त्याच्या अंगणात वाळायचा. अंगणातच त्याचा मोठा भाऊ जाळं मांडीवर घेऊन बसलेला असायचा. मित्र त्याला दादूस म्हणतो. दादूस घरच्या बोटीचा तांडेल, बोट आणि बोटीवरची माणसं त्याच्या शब्दावर चालतात.

या दादूसशी माझं कधी जमलं नाही. फाटकातून आत शिरलं की तो डाव्या हाताला बसलेला. मी हात वर करायचो, हसायचो, आणि हा मान वर करायचा नाही. सुई जाळ्यात घालतोय, काढतोय, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. मी पुढे जाऊन अगदी समोर उभा राहिलो की मग मान उचलून म्हणायचा, "तू कवा आला?" मला वाटायचं, टोमणा मारतोय. तळ्यात मासे पकडणारा माणूस त्याच्या हिशेबी माणूसच नव्हता. मी मित्राला म्हणायचो, तुझ्या भावाला फार माज आहे. तो म्हणायचा, "दादूस तसाच हाय, तू नको मनावर घेऊ."

तळी आमची ठरलेली नव्हती. कधी घोडबंदरच्या बाजूला जायचो, कधी आणखी पुढे. जिथे ठेकेदार पावती फाडून बसू देतो तिथे. माझ्याकडे रीतसर काठी, आणि पाण्यावर तरंगणारं लाल बूच. बूच बुडालं की झटका द्यायचा, एवढं सोपं. हा मात्र बूच लावायचाच नाही. नुसता गळ, शिशाचा तुकडा आणि हातात तंगूस. तंगुसाचा एक वेढा तर्जनीवर घेऊन हा समोर बघत बसायचा. "बूच तुमच्यासाठी," म्हणायचा. "पाण्यातलं बोटाला कळतं." आणि कळायचंच. रोहू आधी नुसता आमिष चघळतो, माझं बूच हलतही नाही तोवर याच्या बोटाला खबर पोचलेली असायची. मी जळायचो, उगाच खोटं कशाला बोलू? आणि त्याचं कौतुकही करायचो. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो की खरा कोळी बघायचा असेल तर आमच्या दोस्ताला बघा, पाण्याकडे बघत पण नाही.

मासा काठाशी आला की मी हातजाळी घेऊन त्याच्या डाव्या बाजूला उभा राहायचो. आणि दर वेळी त्याचं एकच, "जाळी कुठाय? जाळी कुठाय?" मी त्याच्या कोपराला लागून उभा. मी ओरडायचो, "डोळे फुटले काय तुझे? इथेच तर आहे." मग तो अख्खी मान वळवून बघायचा आणि हसायचा. हा आमचा नेहमीचा तमाशा होता. बांधावरचे बाकीचे गरवणारेही त्यावर हसायचे.

तो रविवारही तसाच सुरू झाला. ऊन वर आलं होतं, मासा काही लागत नव्हता. मी डबा उघडला होता. तो माझ्या उजवीकडे, दगडावर मांडी घालून, बोटावर तंगूस. आमच्या दोघांच्या मधल्या गवतातून एक धामण बाहेर आली. चांगली लांब, पिवळट. माझा घास हातातच राहिला. ती माझ्या पायाकडे वळली नाही, त्याच्या डाव्या मांडीच्या अगदी जवळून, निवांत, पुढे सरकली, त्याच्या काढून ठेवलेल्या चपलेवरून गेली आणि पाण्याच्या कडेने दिसेनाशी झाली. हा हललाही नाही. पापणीसुद्धा नाही. समोर बघत बसून होता.

माझ्या तोंडून आवाज फुटला तेव्हा पहिल्यांदा कौतुकच आलं. म्हटलं, "मानलं रे तुला. कसलं काळीज आहे तुझं."

"का?"

"अरे, धामण गेली की. तुझ्या चपलेवरनं गेली."

"चल, काय पण फेकतो," तो म्हणाला. आणि मग त्याने मान वळवून खाली बघितलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे. सगळी मान वळवून. ओल्या मातीत तिचा माग पडला होता. तो त्याने बघितला आणि हसायचा थांबला.

मला काय सुचलं कोण जाणे. जवळ्याची डबी उचलली आणि त्याच्या डाव्या कानाशी धरली. म्हटलं, "मान हलवायची नाही. समोर बघ. माझा हात दिसला की सांग." डबी मी हळूहळू पुढे आणली. कानापुढे आणली, गालापुढे आणली. तो गप्प. मला वाटलं, मस्करी करतोय. डबी जवळजवळ त्याच्या नाकासमोर आली तेव्हा तो म्हणाला, "हां, आला." मग उठून दुसऱ्या बाजूने केलं. तिकडे थोडं आधी दिसलं, पण थोडंच.

"असं सगळ्यांचंच असतं ना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "नाही रे. माझ्यावर करून बघ." त्याने डबी माझ्या कानाशी धरली आणि मी लगेच म्हटलं, दिसतेय. त्याने पुन्हा धरली. मी पुन्हा म्हटलं, दिसतेय. तिसऱ्यांदा त्याने धरली नाही. डबी मांडीवर ठेवून तो झाकण घट्ट लावत बसला. त्याला माहीतच नव्हतं. समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं त्याला, पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा. कडेचं जग कधी गेलं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नेमका तेव्हाच तंगूस ताणला. इतका वेळ काही नाही आणि आता. त्याचं बोट आपोआप कामाला लागलं. दोर सोडला, आवळला, परत सोडला. दांडगा कटला होता. मी हातजाळी घेऊन त्याच्या डावीकडे गेलो, सवयीने. तो म्हणाला, "जाळी कुठाय?" मी गुपचूप त्याच्या समोर, गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं. मग गळ सोडवून कटला पाण्यात परत सोडला. इतक्या रविवारांत आम्ही कधी मासा सोडला नव्हता.

निघायची वेळ झाली तेव्हा त्याने स्कूटरची चावी काढली. मी म्हटलं, "बसणार नाही मी."

तो भडकला. तसा तो शांत माणूस, पण तेव्हा भडकला. "रोज चालवतो मी. टेम्पो चालवतो बर्फाचा. काय झालं काय आजपर्यंत?"

टेम्पो. तोपर्यंत माझ्या डोक्यात फक्त स्कूटर होती. हा माणूस रोज सकाळी बर्फाच्या लाद्या भरून पालीच्या त्या चिंचोळ्या गल्ल्यांमधून टेम्पो नेतो, जिथे शाळेची पोरं भिंतीला चिकटून चालतात. टेम्पोचा डावा आरसा किती वेळा तुटला होता. दर वेळी तो गल्लीला शिव्या द्यायचा आणि नवीन आरसा बसवायला नट-बोल्ट माझ्याच दुकानातून न्यायचा. मी पण गल्लीला शिव्या द्यायचो. हे आठवलं आणि मी बांधावर खालीच बसलो.

तोही थोड्या वेळाने शेजारी बसला. चावी माझ्या हातात दिली. स्कूटर आम्ही ठेकेदाराच्या माणसाकडे ठेवली आणि बसने परतलो. बसमध्ये तो खिडकीशी बसून एक डोळा झाकून बघत होता, मग दुसरा. मी त्याला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्टी घेऊन त्याला भाईंदरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाई डॉक्टर होत्या, वयाने आमच्याहून लहान. त्यांनी एका मशीनसमोर बसवलं. कडेला कुठे उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसलो होतो. बराच वेळ बटणाचा आवाजच आला नाही. मध्येच एकदा आला, की पुन्हा शांत. मला ओरडावंसं वाटत होतं, दाब की रे, दाब.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि कडेची नजर आधी मरते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जे गेलं ते परत येणार नाही. जे उरलंय ते सांभाळायचं, त्यासाठी थेंब रोज, जन्मभर, एकही दिवस न चुकवता.

त्याने एकच शब्द विचारला. "टेम्पो?"

"नाही," त्या म्हणाल्या. "टेम्पो नाही, स्कूटर नाही."

त्याने मान डोलावली. मला वाटलं तो भांडेल. तो आपला बोटाकडे बघत बसला. तंगुसाने तर्जनीवर कायमची पडलेली रेघ आहे, ती अंगठ्याने चोळत होता. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं.

डॉक्टर थेंबांची बाटली कशी धरायची ते दाखवत होत्या. दाखवता दाखवता म्हणाल्या, "हे घराण्यात असतं बरं का. भाऊ-बहीण कोण आहे तुम्हाला?"

"एक मोठा भाऊ हाय."

"त्यांना लवकर घेऊन या. काय करतात?"

"बोट. तांडेल हाय."

त्यांचा हात तसाच थांबला. मित्राने माझ्याकडे बघितलं, अख्खी मान वळवून. मी त्याच्याकडे बघितलं. तो काय विचार करत होता ते मला कळलं, कारण माझ्याही डोक्यात तेच अंगण आलं होतं.

पालीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला की उद्या पहाटे दादूस बोट घेऊन दर्यात जायचाय. गल्लीच्या तोंडाशी उतरलो. फाटकापाशी त्याने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "तू जा पुढे. मी इथनं बघतो." मला काय करायचंय ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दादूस नेहमीच्या जागी होता, जाळं मांडीवर. जवळा वाळत होता, त्याचा वास सुटला होता. मी फाटकातून आत गेलो आणि त्याच्या बाजूला, हात लावता येईल इतक्या जवळ उभा राहिलो. मान वर नाही. सुई जाळ्यात जात होती, बाहेर येत होती. गाठ तो बोटांनी चाचपायचा आणि पुढच्या गाठीकडे जायचा. मी हात वर केला, रविवारी करायचो तसा. मग हात त्याच्या कानाशी नेला. हळूहळू पुढे आणला. कानापुढे, गालापुढे. बोटं हलवली. सुई चालूच होती.

फाटकापाशी मित्र होता. तो हळूच खाली, तिथल्या दगडावर बसला.

मी पुढे गेलो आणि दादूसच्या अगदी समोर उभा राहिलो.

"तू कवा आला?" तो म्हणाला. मग त्याने मान वळवली, अख्खी वळवली, आणि फाटकातल्या भावाकडे बघितलं. सुई खाली ठेवून मला म्हणाला, "काय रे, दोघांची तोंडं अशी का उतरली? आज पन तळ्यावर गेलता? मासा न्हाय लागला?"