खांबामागचा बाक

भावाचा फोन आला तेव्हा मी नेकनूरच्या घरी ज्वारी निवडत होते. “ताई, पप्पा गेले. दुकानातच...” त्याला दीड महिना झाला, पण अजून एका जागी बसवत नाही.

पप्पा गेवराईतल्या आपल्या दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, नवी तार गुंडाळून, भरून द्यायचे. त्याच कमाईवर त्यांनी आम्हा चौघा भावंडांना शिकवलं. रविवारी मात्र हात घासूनपुसून, पांढरा झगा चढवून ते आमच्या छोट्या चर्चमध्ये पाळक म्हणून उभे राहत. मी नेकनूरच्या एका किराणा दुकानदाराशी, लिंगायत घरात लग्न ठरवलं, तेव्हा ते दोन दिवस दुकानातून उशिराच घरी आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पोरगा चांगला हाय. पण मला आशीर्वाद मागू नको. मनाला जमंना अजून.” रजिस्टर लग्नाला आले, मागं उभे राहिले आणि न जेवता निघून गेले. तो राग मी वीस वर्षं धरला. दर महिन्याला ते बीडला बस बदलून माझ्याकडं यायचे, “इकडं एक मोटार बघायची हाय,” म्हणायचे. मी चहा द्यायचे, बोलायचे मात्र मोजकंच.

दफनविधीनंतर चर्चच्या मंडळीतले एक म्हातारे पंच जवळ येऊन बसले. “बाई, तुला म्हाईत न्हाई. तुझ्या लग्नानंतर आमी ठराव केल्ता, तुझं नाव मंडळीतून काढायचा. पाळकांनी वाचून दाखवावा म्हणलं. त्यांनी झगा काढून टेबलावर ठेवला आन् शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सहा वर्सं! शेवटी आमीच ठराव मागं घेऊन हात जोडले.”

“मला कावून सांगितलं न्हाई?”

“त्यांनीच कुणाला बोलू दिलं न्हाई, तुझ्या भावाला पण. तिला वाटंल, तिच्यामुळं झालं, म्हणायचे.”

पप्पांना आशीर्वाद देता येत नव्हता, आणि नावही काढवत नव्हतं... नंतर तरी त्यांच्या मनाला जमलं का? मी कधी विचारलंच नाही.

मागच्या रविवारी नवऱ्याला घेऊन चर्चमध्ये गेले. पंचांनी पुढं या म्हणून खुणावलं. मी शेवटच्या बाकावरच बसले. तिथून व्यासपीठ नीट दिसत नाही, मधे खांब येतो, मान वाकडी करावी लागते. सहा वर्षं पप्पांनी असंच पाहिलं असणार. उपासना संपली, माणसं पांगली. नवरा म्हणाला, “निघायचं ना?”

मी तशीच, मान वाकडी करून बसले होते.