न तपासलेली डीव्हीडी

बीडमधल्या एका खासगी दवाखान्यात मी सीटी स्कॅनची टेक्निशियन आहे. घर पालीला, रोजची ये-जा. पेशंटला टेबलावर झोपवायचं, "हलू नका" म्हणून बजावायचं, स्कॅन काढायचा आणि जाताना त्याच्या हातात सीडी द्यायची, हे माझं काम.

लोकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येऊन आमचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा, म्हणून इंजिनिअरने त्याच्यावर लिनक्स टाकून दिलं. मला ते लवकर जमलं. एक ओळ टाइप केली की ट्रे आत जायचा आणि बर्निंग सुरू. पेशंटच्या सीडीशिवाय आमचीही एक प्रत असायची. हार्ड डिस्क भरत आली की सगळे स्कॅन डीव्हीडीवर उतरवायचे, वर मार्करने तारखा घालायच्या, डीव्हीडी कपाटात ठेवायची आणि हार्ड डिस्क रिकामी करायची.

"ताई, आधी तपासायचं आणि मगच पुसायचं," इंजिनिअर म्हणाला होता. "डीव्हीडीवरचं आणि हार्ड डिस्कवरचं जुळवून बघा. बर्न झाली म्हणजे उद्या वाचता येईलच, असं नसतं."

सुरुवातीला मी तपासायचे. पण बर्न करायला जितका वेळ, तितकाच तपासायला. बाहेर रांग, त्यात अपघातातला कुणी स्ट्रेचरवर कण्हत पडलेला. एकदा घाईत तसंच पुसलं. काही बिघडलं नाही. मग दर वेळी तसंच करत गेले.

तलवाड्याकडचं ते जोडपं आलं ते उन्हाळ्यात. मेंढरं राखणारा म्हातारा आणि त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलने त्याला उडवलं, तेव्हा आमच्याकडे डोक्याचा स्कॅन झाला होता. मार किरकोळ होता, पण स्कॅनमध्ये मेंदूशेजारी एक गाठ दिसली होती. रिपोर्टात नुसतं 'लहान गाठ' लिहिलेलं, माप नाही. आता त्याला भोवळ येऊ लागली म्हणून संभाजीनगरला नेलं, तर तिथल्या सर्जनने जुना स्कॅन मागितला. गाठ तेवढीच असेल तर हात लावायचा नाही, वाढली असेल तर ऑपरेशन.

मावशींनी पिशवीतून त्यांची सीडी काढली. तिला भोक पाडून सुतळी ओवली होती. चंदेरी थर बराचसा निघून गेला होता.

"ज्वारीत टांगली व्हती ताई," त्या ओशाळून म्हणाल्या. "चमकती म्हणून पाखरं भ्यायची. मला काय ठावं, परत लागंल म्हणून?"

"असू द्या मावशी, आमच्याकडं असते एक," मी म्हणाले. अगदी बिनधास्त म्हणाले.

काका बोलके होते. मी कपाट उघडेपर्यंत त्यांनी मशीनभोवती चक्कर मारली. "ह्याच्यात मेंढरू निजवलं तर त्याच्या डोक्यात काय दिसंल वो?"

"चाराच दिसंल," मावशी म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो.

त्या तारखांची डीव्हीडी सापडली. ड्राइव्हमध्ये घातली. ती नुसती घरघरत राहिली आणि स्क्रीनवर एरर आली. कापडाने पुसून पुन्हा घातली. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. लिनक्सवर एक प्रोग्राम असतो, खराब जागा सोडून उरलेलं वाचता येईल तेवढं वाचतो. तो लावला आणि त्यांना जेवून यायला सांगितलं. चार वाजेपर्यंत तो चालला. इतरांचे काही स्कॅन निघाले. काकांचं नुसतं नाव आणि वय निघालं. चित्र एकही नाही.

"आमची पण खराब झाली, मावशी."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मीच नासवलं सगळं. ती ज्वारीत टांगली नसती तर आज ही येळ आली नसती."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी नवीन पेशंटचं नाव पुकारलं.

तुलना करायला काही नाही, आणि भोवळ वाढतेय, थांबणं धोक्याचं, म्हणून सर्जनने ऑपरेशन केलं. दिवाळीच्या आसपास त्यांचे नेकनूरचे एक नातेवाईक स्कॅनला आले, त्यांच्याकडून कळलं. गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हता. पण काकांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. गाठ तीन वर्षांत वाढली होती की पहिल्यापासून तेवढीच होती, हे आता कुणालाच कळणार नाही.

मी आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वरचे पत्रे किती तापतात बघ. उन्हाने गेली असेल डीव्हीडी." असेलही. पण मी तपासली असती, तर निदान माझ्या हातून निघाली तेव्हा ती चांगली होती, एवढं तरी म्हणता आलं असतं. मग मी कपाटातल्या सगळ्या डीव्हीडी एकेक करून लावून पाहिल्या. ज्या वाचता येईनात, त्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. "कुणी मागितलं तर उपलब्ध नाही म्हणायचं," म्हणाले. हल्ली मी प्रत्येक डीव्हीडी तपासते. बाहेर लोक ओरडतात. त्या यादीतल्या कुणाला त्याचा उपयोग नाही.

एका रविवारी मी तलवाड्याला गेले. मेंढरं विकून झाली होती. काका दारात बाजेवर बसले होते. मावशींनी चहा टाकला. मी चुलीपाशी बसून सांगितलं, "मावशी, ज्वारीचा काही दोष नव्हता. तुमच्यासारख्यांसाठीच आम्ही एक प्रत ठेवतो. ती मी न तपासता ठेवली, आणि मूळ पुसून टाकलं."

त्यांनी खालमानेनं ऐकून घेतलं. चहा उतू गेला तेव्हा भांडं उतरवलं.

"मंग तवा कावून न्हाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मी सा म्हैने सोताला शिव्या देतीय," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढे कप ठेवला.

मी निघाले तेव्हा काकांनी डावा हात उचलला. घशातून एक लांब आवाज काढला, मग पुन्हा तसाच. डोळे माझ्यावर होते. मी मावशींकडे पाहिलं.

"काय म्हणत्यात?"

"न्हाई कळत," त्या म्हणाल्या. "आदी वाटायचं, हळूहळू कळंल. न्हाई कळत."