मी अडवलेले रविवार

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दत्ताला नाही, लेकीला नाही – मंगलला तर नाहीच. तुम्हाला सांगायला बसलोय, पण सुरुवात कुठून करू?

दत्तापासून करतो. चाकणच्या कंपनीत आम्ही एकाच लाइनवर. तो निघोज्याचा, घरची शेती. मी लातूरकडचा, लेकीचं लग्न झाल्यावर कासारवाडीच्या खोलीत मी आणि बायको, मंगल, दोघंच. एका रविवारी दत्ता मला घरी घेऊन गेला. ओसरीवर दहा-बारा माणसं. त्याच्या आईनं काही न विचारता ताट वाढलं. मी गावाकडचे किस्से सांगितले – सगळी पोट धरून हसली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग दर रविवारी जायला लागलो. चिडचिड गेली. झोपसुद्धा लागायला लागली.

आणि मंगल? मंगलला मी सांगायचो – शिफ्ट आहे.

दत्ताकडची माणसं विचारायची, वहिनींना का आणत नाही? मी म्हणायचो, तिला माणसांत मिसळायला आवडत नाही. हे कुणाबद्दल? गावी सगळ्या गल्लीला नावानं ओळखणाऱ्या बाईबद्दल!

का केलं असं? खरं सांगू? किस्से मंगल माझ्यापेक्षा फार चांगले सांगते. ती आली असती तर माझं कुणी ऐकलं नसतं – एवढंच. इतकं क्षुल्लक.

चार वर्षं. ती कमी बोलायला लागली, कमी जेवायला लागली, मग बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर बोलता कुणाशी? ती म्हणाली, "टीव्ही हाय की." मी शेजारीच होतो.

मग एका सकाळी दत्ताची बायको अलका दारात उभी. पिंपरीला काही कामासाठी आली होती, हातात ओल्या शेंगांची पिशवी. मंगलला म्हणाली, "भाऊ दर रविवारी आमच्याकडं येत्यात, पन म्हनत्यात, वहिनींना माणसांत आवडत न्हाई. मंग म्हनलं, आपुनच जाऊ."

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तेवढ्यात तिला सगळं कळलं – शिफ्ट, रविवार, सगळं. मग अलकाकडे वळून म्हणाली, "आधी नव्हतं आवडत. आता आवडंल बघा." आणि शेंगा उकडायला ठेवल्या.

पुढचं काय सांगू! सहा महिन्यांत त्या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या. अलकानं तिला विहिरीत पोहायला शिकवलं – सेहेचाळिसाव्या वर्षी, तरंगायला पाठीला रिकामा डबा बांधून! पहिल्यांदा डब्याशिवाय पलीकडच्या कडेला पोचली तेव्हा अख्खं घर काठावर टाळ्या वाजवत होतं. मी पण. डोळ्यांतलं पाणी पुसत. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आता रविवारी दत्ताची आई तिच्याशिवाय जेवायला बसत नाही, आणि ओसरीवर किस्से तीच सांगते. मी कडेला बसून हसतो. ज्याची भीती होती तेच झालं, आणि एवढा सुखात मी कधीच नव्हतो.

दत्ता म्हणतो, "राव, तुझ्यामुळं आमच्या घरात एक माणूस वाढलं." मी मान डोलावतो.

माझ्यामुळं ते चार वर्षं उशिरा आलं. मंगलनं त्याचा एका शब्दानंही जाब विचारला नाही. मीही कधी बोललो नाही. तिचे रविवार मी अडवून धरले होते – जाणूनबुजून.