अर्जाला जोडलेली नावं

"आधी बैठका मारून दाखव," मेंबर म्हणाले. "पैलवान आहेस ना?"

ते लोकल बोर्डाच्या कचेरीच्या ओसरीवर खुर्चीत. मी खाली अंगणात, उन्हात. हातात अर्ज.

महारवाड्यात आम्ही आखाडा खोदला होता. पण आमच्याकडची माती काळी. अंगाला चिकटते, वाळली की दगड होते. तांबडी माती लांबून आणावी लागते. बोर्ड तालमींना मदत देतं, असं खामगावच्या जिनात ऐकलं. मी तिथं कापसाच्या गाठी ओढायचो. चौथी शिकलेला. वाड्यात लिहिता येणारा मी एकटाच. म्हणून अर्ज मी लिहिला.

सदरा काढला. बैठका सुरू केल्या. कारकून मोजायचा, मुद्दाम विसरायचा, पुन्हा एकपासून मोजायचा. ओसरीवरचे हसत होते. मीही हसलो. ते मला अजून डाचतं. मला कोणी हसायला सांगितलं नव्हतं.

मांड्या लटपटल्या तेव्हा मेंबर म्हणाले, "पुरे. अर्ज पायरीवर ठेव."

कारकुनानं वरूनच एक कोरा कागद खाली टाकला. "यादी लागते. आखाड्यात कोन कोन येते, अन् कोनाच्या वावरात कामाले जाते, सारं लिही."

"कामाचं काऊन लागते, साहेब?"

"नियम हाय."

मातीत बसून लिहिलं. वाड्यातल्या सगळ्या तरण्या पोरांची नावं. अक्षर चांगलं यावं म्हणून टाक जपून चालवला.

आठच दिवस गेले. पाटलाच्या वावरात सालदार असलेल्या सखारामला पाटलानं बांधावरूनच परत पाठवलं. "जाय, कुस्त्या खेळ." दुसऱ्या दिवशी तुकाराम. मग किसन. किसनही परत आला तेव्हा मी यादी आठवून पाहिली. मी ज्या क्रमानं लिहिलं होतं, त्याच क्रमानं चाललं होतं.

चौथा गणपत. त्याला सावध करायला संध्याकाळी गेलो. तो दारात बसून होता.

"मले दुपारीच सांगतलं," तो म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

एका पहाटे आखाड्याच्या मातीत बाभळीचे काटे आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा निघाल्या. त्या सखारामच्या पाठीत घुसल्यावर आम्हाला कळलं. वाड्यात मोठ्यानं कोणी बोलेना. बायका सरपणाला चौघी-पाचजणी मिळून जायला लागल्या.

मायनं एकदा विचारलं, "तुहं नाव कितवं हाय?"

"शेवटचं."

ती बोटांवर मोजत राहिली.

जिनातही मुकादमानं हटकलं, "आखाडेवाला तूच का बे?"

मग कचेरीतून बोलावणं आलं. या वेळी मेंबरांच्या शेजारच्या खुर्चीत पाटील. कागद तयार होता. आम्ही आखाडा आपखुशीनं बंद करीत आहोत, असं त्यावर लिहिलेलं.

"सही कर," पाटील म्हणाला. "उद्यापासून सारे कामावर येतीन."

मला सखारामची लेकरं दिसली. टाक हातात घेतला. मग म्हटलं, "सगळ्यांचं हाय हे. मी एकटा कसा सही करू?"

मेंबर हसले. "यादी देताना कोणाला विचारलं होतंस?"

कोणाला नाही. मी कोणालाच विचारलं नव्हतं. माझ्या माणसांची नावं मी स्वतःच्या हातानं, सुबक अक्षरात, यांच्या ताब्यात दिली होती. तिथंच मला ते लख्ख कळलं. लाज वाटली, पण या वेळी त्यांच्यापुढं नाही. वाड्यापुढं.

टाक खाली ठेवला. "तवा नाही विचारलं. म्हणून आज करत नाही."

ओसरीवर कोणी हसलं नाही. पाटील अगदी हळू बोलला, "वाटेत ओढा लागते तुले. जपून जाय."

वाड्यात गेलो. सगळ्यांना बोलावलं. यादी कशी दिली, कोणाला दिली, सगळं सांगितलं. किसन उठून अंगावर आला. सखारामनं त्याला धरलं.  मग मी विचारलं, आखाडा ठेवायचा का. एकेकाला, नाव घेऊन. गणपतनं मान हलवली, नाही म्हणाला, निघून गेला. बाकीचे थांबले. दुसऱ्या दिवशी माती चाळायला घेतली.

जिनातलं काम माझंही गेलं. सखाराम, तुकाराम सडकेवर खडी फोडायला जातात. पाटलाचे गडी रोज पहाटे वाड्याच्या तोंडाशी काठ्या घेऊन बसतात. अजून आत आलेले नाहीत.

येतील. त्या दिवशी आम्ही मातीतच उभे असू. बाहेर निघणार नाही.