माझी कावीळ आणि गावची टाकी

माझ्या पेशी थकल्या आहेत, हे मला निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मोबाइलवर कळलं.

त्याआधी मला वाटायचं, मीच थकले आहे. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून घरी बसले, पण बसणं काही जमेना. दुपारचे चार वाजले की अंगातलं त्राण जायचं, गुडघे फुगायचे, आणि तरी एका जागी पाच मिनिटं बूड टेकत नव्हतं. उठायचं, कपाट उघडायचं, बंद करायचं, ओसरीत जायचं, परत यायचं. आमचे हे (धानाची शेती आणि अफाट शांतता, दोन्ही वडिलोपार्जित) खाटेवरून विचारायचे, "सुमन, काय हरवलं तुह्यं? सांग, मी बी पाहतो."

अशात नागपूरहून आमच्या अश्विनीने एक व्हिडिओ पाठवला. त्यातली हसरी बाई सांगत होती की साठीनंतर बायकांच्या पेशींमधली ऊर्जाकेंद्रं मंद होतात आणि शरीरात आतल्या आत बारीक सूज धुमसत राहते.

"तंतुकणिका!" मी ओरडलेच. आठवीच्या किती तुकड्यांना मी त्यांची आकृती काढायला लावली असेल! पोरांच्या आकृत्यांत आतल्या घड्या चुकल्या म्हणून अर्धा अर्धा गुण कापला, आणि माझ्या स्वतःच्या तंतुकणिका केव्हा निवृत्त झाल्या, त्याचा मला पत्ता नाही!

अश्विनीने कॅप्सूलची बाटलीही पाठवली. फोनवर बजावलं, "आई, दिवसाला एकच घे, आणि आधी डॉक्टरांना विचार." यातलं मला फक्त 'घे' ऐकू आलं. मी सकाळी दोन, संध्याकाळी दोन सुरू केल्या. (पेशी अब्जावधी, एका कॅप्सूलने कुणाकुणाचं भागणार?) सुजेसाठी हळद. दुधात हळद, वरणात हळद, मिरपूड घालून कोमट पाण्यात हळद, आणि गुडघ्यांवर सकाळ-संध्याकाळ हळदीचा जाड लेप, तोही स्वतःच्या हाताने थापून.

दोन दिवसांत मला भलतीच तरतरी आली. निदान मी तसं ठरवलं. सगळे डबे उतरवून घासले, पुन्हा लावले, आवडले नाहीत म्हणून पुन्हा उतरवले. हे बसले होते ती खाटही मी यांच्यासकट सरकवली.

"अवो, मले तरी सोड!" हे म्हणाले.

हा सगळा उत्साह कुंपणापलीकडून शेजारच्या शेवंताबाई पाहत होत्या. वय सत्तर, एकट्या राहतात, सोबतीला एक शेळी. त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काय खाऊन राहिल्या? मले तर झाडू मारला का भोवळ येते. मले बी द्या ना थोडं."

मी उदार मनाने कागदाच्या पुडीत कॅप्सूल दिल्या. हळदीचा लेपही शिकवला. विज्ञानाचा प्रसार, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात गेले. लघवी पिवळी होती. नुसती पिवळी नाही, झेंडूच्या फुलासारखी पिवळी! मी हात पाहिले. तळवे पिवळे. नखं पिवळी. आरशात डोळे पाहिले. न्हाणीतल्या त्या मिणमिणत्या बल्बखाली तेही पिवळे!

कावीळ!

यांना सांगितलं नाही, हे घाबरतील म्हणून. (हे आजवर कशालाच घाबरलेले नाहीत. घाबरण्याचं खातं आमच्या घरी पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.) मी लाखांदूरला माझ्या मोठ्या नणंदेला, कमलताईंना, फोन लावला. "ताई, कोणाले सांगू नका."

"माय वो! कावीळ?" कमलताई इतक्या जोरात ओरडल्या की फोनची गरजच नव्हती. "नाई सांगत कोणाले. मी येऊन राहिली!"

फोन ठेवते तोच शेवंताबाई दारात. चेहरा उतरलेला. आवाज एकदम खाली.

"मॅडम, एक गोष्ट सांगू? हासू नका. माही लघवी पिवळी होऊन राहिली. आन् हे पाहा हात."

हात माझ्यासारखेच. आता माझ्यातली विज्ञान शिक्षिका खडबडून जागी झाली. दोन घरं, दोन रोगी, एकच नळ! दूषित पाण्यातून कावीळ पसरते, हा धडा मला तोंडपाठ. मी शेवंताबाईंना खुर्चीत बसवलं आणि सरपंचबाईंना फोन केला.

"मॅडम, पक्कं ना?" त्यांनी विचारलं.

"मी एकतीस वर्षं शिकवलं आहे!" मी म्हणाले.

अर्ध्या तासात ग्रामपंचायतीचा भोंगा सुरू झाला. "गावात काविळीची साथ आली आहे. नळाचं पाणी पिऊ नये. टाकी बंद करण्यात येत आहे." बायका हंडे घेऊन विहिरीकडे धावल्या. ज्यांचे हात काल वरण करताना हळदीने माखले होते, त्या साऱ्या उन्हात तळवे धरून एकमेकींना दाखवू लागल्या. दुपारपर्यंत रोग्यांची संख्या अकरावर गेली!

हे शेतावरून तणतणत आले. आयुष्यात पहिल्यांदा यांचा आवाज चढला. "सगळ्या गावाले माहीत, तुले कावीळ झाली म्हणून! मले बांधावर येऊन परका माणूस सांगते! मी कोण होय तुह्या?"

मी रडायला लागले. हे माझे पिवळे हात आपल्या हातात धरून बसले. थोड्या वेळाने यांचेही तळवे पिवळे झाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हालेही!" मी किंचाळले.

तेवढ्यात एसटीतून कमलताई उतरल्या. काखेत उसाची मोळी, पिशवीत काविळीची मंतरलेली माळ. एसटीतल्या साऱ्यांनी त्यांना माझ्यासाठी शुभेच्छा दिल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं. माळ एकच होती, रोगी तीन. ती दहा-दहा मिनिटं पाळीपाळीने घालायचं ठरलं. वर उसाचा रस, तोही पेला भरून, तासातासाला.

"आता लघवीतून कावीळ उतरते का पाहा," त्या म्हणाल्या.

पाणी भरपूर उतरलं. पिवळंच.

या गडबडीत शेवंताबाई एकदम शांत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "मॅडम, माह्या पेटीत लाल काठाचं लुगडं आहे. तेच नेसवा. आन् शेळी तुम्ही ठेवा. तिले कापू देऊ नका."

मला काही झालं तर झालं. या बाईला मी काय दिलं होतं? एक पुडी, न विचारता, न वाचता. पुडीचा विचार आत्ता कुठे माझ्या मनात आला! मी यांना म्हणाले, "उठा. शेवंताबाईंना, ताईंना घेऊन भंडाऱ्याला चला. आत्ता."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आम्हाला खिडकीच्या उजेडात उभं केलं, पापण्या खाली ओढल्या. "डोळे तर पांढरेशुभ्र आहेत. काय घेऊन राहिल्या तुम्ही?"

मी पर्समधून बाटली काढली. त्यांनी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. (ती मी वाचली नव्हती. चष्मा डब्यांमागे गेला होता.)

"मॅडम, यात 'ब' जीवनसत्त्व आहे, भरपूर. शरीराले लागते तेवढं ते घेते, बाकीचं लघवीतून जाते. रंग त्याचाच. किती घेत होत्या?"

"चार," मी पुटपुटले.

"आणि हात?" हे पुढे झाले.

बाईंनी स्पिरिटचा बोळा माझ्या तळव्यावर फिरवला. बोळा पिवळा झाला. तळवा माझा झाला.

"हळद," त्या म्हणाल्या. मग यांचा हात पुसला. "ही बी हळद."

मला बाहेरच्या कंपाउंडरचं दाबलेलं हसू ऐकू आलं. खात्रीसाठी रक्त तपासलं. कावीळ कोणालाच नव्हती.

"म्हणजे मी मरत नाई?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नाई आजी. पण रक्त फार कमी आहे तुमचं. भोवळ त्यानेच येते. बरं झालं आल्या." बाईंनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही, मॅडम, रोज चाला. डाळ, अंडी खा, झोप नीट घ्या. पायाचे व्यायाम सांगते, ते करा. गुडघ्याची सूज नुसतं बसून बी वाढते. आन् असं काही घ्यायचं तर आधी विचारा."

परत येताना मी ठरवलं, सरपंचबाईंना खरं सांगायचं. थेट ग्रामपंचायतीत गेले. तिथे टाळ्या सुरू झाल्या!

टाकी रिकामी करून पाहिली होती. तळाशी वीतभर गाळ, झाकण फुटलेलं, आणि आत दोन मेलेली कबुतरं. सरपंचबाईंनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. "मॅडमच्या ध्यानात आलं म्हणून गाव वाचलं! आजपासून पाणी समितीच्या अध्यक्ष मॅडमच!"

मी तोंड उघडलं. मागून कमलताईंनी असा चिमटा काढला की तोंडातून फक्त "आई गं!" निघालं. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून दर आठवड्याला मी पाणी तपासत गावभर फिरते. टाकीच्या पायऱ्या चढते, घराघरातले नळ पाहते, गुडघे कुरकुरत नाहीत. बायका कौतुकाने विचारतात, "मॅडम, या वयात एवढी ताकद कुठून आणता वो?"

मी नुसती हसते आणि भराभर पुढच्या घराकडे निघते. थांबले आणि एखादीने नीट विचारपूस केली, तर शाल परत द्यावी लागेल!