दत्ताभाऊजींची चंद्रावरची माती

मडकं साठ रुपये. पांढरं कापड नव्वद. काळे तीळ पन्नास, जवाचं पीठ चाळीस, फुलं तीस.
दर्भ गुरुजींनी तसाच दिला.

दोनशे सत्तर रुपयांत माणसाच्या निरोपाची तयारी झाली.

आमचे धाकटे दीर, दत्ताभाऊजी, परवा गेले. राणीसावरगावच्या शाळेत सायन्स शिकवायचे. माझ्या फ्रेंडलिस्टमधले कितीतरी जण त्यांचेच विद्यार्थी.
आज राख सावडली. मडकं अंगणातल्या लिंबाला टांगलंय. उद्या सकाळी गंगाखेडच्या घाटावर न्यायचंय.

आणि मला काही सुचेनासं झालंय.

मी मॅट्रिक. असलं लिहायची सवय नाही. पण डोक्यात आहे ते कुणाला तरी विचारायलाच पाहिजे.

नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. कधी बंद, कधी एसटी नाही. असंच एकदा भाऊजी आमच्याकडे गंगाखेडला अडकले. शाळेचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलेलं. गप्प बसणारा माणूस नव्हे. माझा तेलाचा पत्र्याचा डबा रिकामा केला, मोडक्या छत्रीच्या काड्या पाय म्हणून लावल्या आणि ओसरीत उभा केला.

"हे काय आता?"
"चंद्रावर उतरणारं यंत्र, वहिनी."
"आत कोण बसतं?"
"कुणीच न्हाई. एकटंच जातं. मातीवर किरण सोडतं, उलटून काय येतं ते मोजतं. त्यावरून इथं कळतं, मातीत लोखंड किती, ॲल्युमिनियम किती."
"इतक्या लांबून? खामखा काहीही सांगू नका."
"शेजारी फोडणी पडली की तुमी बघायला जाता का? इथूनच म्हणता ना, हिनं लसूण जाळला म्हणून?"



मी पाट्यावर मिरची वाटत होते. म्हटलं, मग काय निघालं तिथं?
भाऊजी उकिडवे बसले. पाट्यावर बोटानं टकटक केलं.

"ह्यो. चंद्रावरचे काळे डाग हायत ना, तिथला दगड जास्त करून असाच. आपल्या डोंगरातला काळा दगड. दोन्ही लाव्हाचे. रशियाच्या यंत्रानं तर थोडा भुगा उचलून आणलाबी."

माझा हात थांबला. त्या दिवशी माझी संकष्टी होती.
संध्याकाळी ज्याला अर्घ्य द्यायचं, त्याच्यावर मी मिरची वाटायले?

सासूबाई दारातून म्हणाल्या, "दत्त्या, मग हिनं पाट्याला ओवाळावं का चंद्रावर ठेचा वाटावा, तेवढं सांग."

भाऊजी हसून हसून बेजार. मला हसू येईना.
"देवळातला मारुती?"
"त्योबी ह्योच दगड."
"मग सगळं सारखंच म्हणायचं का?"
"ते तुमी ठरवा, वहिनी. आमाला फक्त दगड कळतो."

मग जरा वेळानं, डब्याचे पाय सरळ करत, आपल्याशीच बोलल्यासारखं बोलले.
"फरक एकच. तिथं पाणी न्हाई. दगडाचा भुगा होतो, पण माती होत न्हाई. आपल्याकडं त्याच दगडाचं काळं रान झालं. मी मेलो ना वहिनी, मला नदीत नका सोडू. रानात टाका. कापसाच्या कामी यीन."

आणि हसले.

तिशीतला माणूस. मी म्हटलं, "अभद्र बोलू नका," आणि विषय संपवला.

प्रदर्शनात त्यांनी काळ्या दगडाचा भुगा ताटात ठेवला. वर चिठ्ठी, 'चंद्रावरची माती अशी दिसते'.
बाया आल्या. चिठ्ठी कोण वाचतं! चिमूट चिमूट कपाळाला लावली. एकीनं तर तापलेल्या लेकरासाठी पदराला बांधून नेली.
भाऊजी सांगायलेत, "अहो, ही आपल्याच खाणीतली हाय!" ऐकतंय कोण?

सगळ्यात पुढे आमच्या सासूबाई. स्वतःला लावली आणि त्याच बोटानं लेकाच्या कपाळाला.

मला वाटलं, भाऊजी आता पुसणार.
नाही पुसलं. दिवसभर तसेच उभे राहून पोरांना लोखंड, टायटॅनियम शिकवत होते.
घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "मायनं लावलंय."
एवढंच.

हा माणूस देव मानायचा की नाही, मला आजही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी जाऊबाईंच्या, प्रकाशच्या आईच्या, वर्षश्राद्धाला आम्ही घाटावर होतो. पाण्यात पाय सोडून भाऊजी बराच वेळ बसले होते. उठताना म्हणाले, "पाणी लागतंच, वहिनी. पाण्याबिगर माती न्हाई."

म्हणजे काय? नदीत चालेल? की रानाचंच बोलत होते? मी विचारलं नाही. गुरुजी हाका मारत होते.

आज दुपारी त्यांचा मुलगा प्रकाश जवळ येऊन बसला. "काकू, बाबा तुमच्याजवळ काही बोलले होते का?"
"विचार करून सांगते," म्हटलं.

काय सांगू?
घाटावरच्या गंगेत गेल्याशिवाय माणूस सुटत नाही, हे मी जन्मभर मानत आले. रानाचं सांगितलं आणि ती नुसती थट्टा असली तर? त्यांना मीच अडकवलं असं होईल.
गप्प बसले आणि ते खरंच असलं तर त्यांचा शब्द माझ्यामुळं बुडाला. एकदा राख पाण्यात गेली की परत गोळा करता येत नाही.
भावकी काय म्हणेल त्याची भीती नाही. भाऊजींना काय हवं होतं, तेच कळत नाही.

संकष्टी मी अजून करते. अर्घ्य देताना ते काळे डाग दिसतात आणि क्षणभर हात अडतो. देते तरी.

राणीसावरगावच्या शाळेतल्या पोरांनो, सरांनी तुम्हाला वर्गात हे कधी सांगितलं होतं का? रानाचं, नाहीतर नदीचं? थट्टेनं की खरंच? जे आठवत असेल ते उलट टपाली कळवा, इथं खालीच लिहा.

दत्ताभाऊजींना त्यांच्या वहिनीचा शेवटचा नमस्कार.

सकाळी सातला गाडी निघेल. त्याच्या आत लिहा. प्रकाशला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.